चार थेंब तेल आणि दोतोर सगुण

डिचोलीचे गुरांचे डॉक्टर सगुण गावकर यांना माणसांपेक्षा जनावरं शहाणी वाटत, आणि हे मत ते मालकाच्या तोंडावर सांगत. सरकारी दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर म्हशी तपासल्या. निवृत्तीनंतर बाजाराजवळ स्वतःचा दवाखाना थाटला, तर म्हशींच्या जागी कुत्री येऊ लागली. गोव्याच्या किनाऱ्यावर जागा उरली नाही म्हणून इकडे बंगले घेतलेली दिल्ली-मुंबईची मंडळी ती आणायची, आणि सोबत गांजाच्या तेलाची इवलीशी बाटली. कुत्रा फटाक्यांना घाबरतो, चार थेंब. कुत्र्याला करमत नाही, चार थेंब. एका बाईंच्या कुत्र्याला तर म्हणे मागल्या जन्मीचं दुःख होतं. त्यालाही चार थेंब.

कधी कुणी भलतीच, नशा चढणाऱ्या तेलाची बाटली पाजलेली असायची. कुत्रा झोकांड्या खात, चालता चालता मुतत आत यायचा. काय खाल्लं विचारलं की उत्तर ठरलेलं, "काहीच नाही, डॉक्टर." "मग तुम्ही काय खाल्लंत ते सांगा," असं म्हणत सगुण सलाईन लावायचे. या तेलावर परदेशात अभ्यास चाललाय, हे त्यांनी वाचलं होतं. पण बसून नीट समजावण्यात त्यांना गोडी नव्हती. टोमणा मारला की त्यांचं पोट भरायचं.

लाटंबार्सेचा रघुनाथ मूळचा दोडामार्गचा. पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा, आता एका बंगल्याची बाग राखतो. त्याच्या ब्राउनीला फिट यायची. सगुणनी दिलेली गोळी तो सकाळ-संध्याकाळ न चुकता द्यायचा आणि दोन वर्षं कुत्रा धडधाकट होता. यंदा पाऊस सरल्यावर तो गोळ्या न्यायला आला, तेव्हा त्याने खिशातून बाटली काढली. बंगल्यातल्या बाईंनी दिली होती.

"दोतोर, ह्यां तेल ब्राउनीक दिलां तर चलात काय? फिटीवर बरां म्हणतत."

बाकावर दोन बंगलेवाले बसले होते. त्यांना ऐकू जावं म्हणून सगुण मोठ्याने म्हणाले, "आता ताका योगाच्या वर्गाक पण घाल, रघुनाथ."

बंगलेवाल्यांची तोंडं उतरली. सगुण खूश झाले. रघुनाथ कसनुसा हसला आणि गोळ्या घेऊन निघून गेला.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्याने ब्राउनीला पोत्यात गुंडाळून आणलं. पहाटेपासून फिट थांबतच नव्हती. सगुणनी एकामागून एक इंजेक्शनं दिली. तासाभरात ब्राउनी टेबलावरच गेला.

"गोळयो चुकवलंस?" सगुण कडाडले.

"चुकवलंय नाय, बंद केलंय," रघुनाथ म्हणाला. "तेल म्हणजे पाल्याचा वखद. त्येच्या वांगडा इंग्लिश गोळी दिऊची नसता. ह्यां पथ्य माका म्हायत आसा."

पाल्याच्या औषधासोबत इंग्लिश गोळी घ्यायची नाही, हा रिवाज सगुणनाही माहीत होता. त्यांच्या आईचा वैद्याचा पाला सुरू झाला की इंग्लिश गोळ्या फडताळात जायच्या. अख्खा तालुका असंच करतो. तेल नको आणि काही झालं तरी गोळ्या थांबवू नको, एवढंच त्या दिवशी सांगायला हवं होतं. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"थेंब कमी पडले काय, दोतोर?"

"नाय रे. चूक माझी. तू विचारलंस तेव्हाच सांगूक होया होतां."

रघुनाथने ब्राउनीवर पोतं ओढलं.

"आज तरी थट्टा करू नकात, दोतोर," तो म्हणाला.