टाकीतली सोलकढी

“अहो, फ्रीजरमधली सोलकढी कोणी काढली?”

बायको स्वयंपाकघरातून ओरडली. कुवेतमधल्या हवल्लीतली आमची इमारत सोडाच, तिकडे दस्मानच्या किनाऱ्यावर गळ टाकून बसलेल्यांनीही दचकून मागे पाहिलं असेल. मी दिवाणखान्यात माझ्या काचेच्या समुद्रापुढे उभा होतो आणि समुद्र हळूहळू गुलाबी होत होता.

हा समुद्र म्हणजे माझी पोवळ्यांची टाकी. अंगठीतली नव्हेत, जिवंत दगडी पोवळी. स्वतःच्या अंगाखाली स्वतःच दगड रचत वाढणारी. हिरवी, केशरी, आणि मधोमध एक जांभळं. आणलं तेव्हा करंगळीच्या नखाएवढं होतं. आता इतकं फोफावलंय की अजून थोडी वर्षं दिलीत तर त्यावर वस्ती करून लोकांना व्हिसा देता येईल. घरी येणाऱ्याला मी आधी ते दाखवतो, मग पाणी विचारतो.

या मंडळींना उजेड भरपूर हवा, पण उकाडा सोसत नाही. आणि कुवेतच्या ऑगस्टात नळाच्या गार पाण्यात चहापत्ती टाकली की चहा तयार. म्हणून टाकीचं पाणी थंड ठेवायला चिलर लागतो. तो नेमका शुक्रवारी दुपारी, नमाजाच्या वेळी बंद पडला. अर्दियातली सुट्या भागांची दुकानं बंद. पाणी तापू लागलं तशी जांभळ्याने अंगावरची इवली बोटं आत ओढून घेतली. संध्याकाळपर्यंत असंच राहिलं असतं तर ते हाडासारखं पांढरं पडून मेलं असतं.

यावर एक जुना तोडगा आहे. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टाकीत तरंगत सोडायच्या. उन्हाळाभर आमच्या फ्रीजरमध्ये अशा बाटल्यांची पलटणच असते. हाताला लागल्या तेवढ्या उचलल्या; बाहेरून सगळ्यांवर हिमाची सारखीच पांढरी साय. पण आमच्या घरात पाण्याची बाटली रिकामी झाली म्हणून कुणी फेकत नाही, तिच्यात काहीतरी भरतात. त्यातल्या एकीत जेवणाची सोलकढी होती. झटपट गार व्हावी म्हणून ठेवलेली, आणि बाटली फुटू नये म्हणून झाकण सैल केलेली.

जेवायला यायचा होता तो वरच्या मजल्यावरचा एसी मिस्त्री. कुडाळकडचा, इथे एकटाच राहणारा. तो आधीच टाकीमागे आडवा पडून चिलर खोलत होता. त्याने डोकं बाहेर काढलं, पाणी पाहिलं, वास घेतला.

“वहिनीनू,” तो म्हणाला, “कढी गावली.”

तेवढ्यात पाण्यातली घाण फेसावाटे बाहेर काढणाऱ्या यंत्राला नारळाचं दूध लागलं आणि ते पिसाळलं. फेस असा उसळला की सोफा दिसेना, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईच्या हनुवटीला टेकला. घरभर लसूण-मिरचीचा घमघमाट.

बायको दारात आली. “आता सुरमईही त्यातच शिजवा,” म्हणाली. पण ज्या पिंपाने न्हाणीघर अडवलं म्हणून ती वर्षभर माझ्याशी भांडते, ते तयार खाऱ्या पाण्याचं पिंप तिनेच ढकलत आणलं. मी नळीने गुलाबी समुद्र उपसला, तिने नवा भरला. मागून चिलर घरघरला.

“पंख्यात सगळा वाळवंट भरलला,” मिस्त्री हात पुसत म्हणाला.

जांभळं मात्र मिटलेलंच. पानं वाढेपर्यंत मी काचेला नाक लावून बसलो. मुलीच्या लग्नातसुद्धा मी इतका रडवेला झालो नव्हतो. मग एका टोकाला एक बोट बाहेर आलं. थबकलं. शेजारून दुसरं आलं, आणि बघता बघता सगळं अंग मोहरलं.

लगेच माझा आवाज परत आला. रंग किती खुललाय बघा, म्हटलं, कोकमाचाच गुण. आखाती देशांतले सगळे पोवळेवाले आता रत्नागिरीला रांगा लावणार.

“आमच्या कोकमाक रंग काय कमी हा?” मिस्त्रीने री ओढली.

त्याच तोऱ्यात मी पानावर बसलो, भात कालवायला घेतला आणि वाटी पुढे केली.

“मग आज भातावर काय?”

“ताक,” बायको म्हणाली.