भन्तेंची शुगर आणि लताआत्याचा टोफूभात

माझी लताआत्या एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या किचनमध्ये होती. तिच्या हातच्या जेवणाला त्या एकतीस वर्षांत कोणी चांगलं म्हटलं नाही आणि वाईटही म्हटलं नाही. किचन तळघरात. बिनमिठाची डाळ, मऊ भात, दुधीची पांढरी भाजी ट्रॉलीत भरायची, ट्रॉली लिफ्टने वर जायची, दोन तासांनी उरलेलं खाली यायचं. खाणाऱ्याचं तोंड तिने कधी पाहिलं नाही. पेशंट शिव्या घालायचे त्या हॉस्पिटलला. आत्याच्या वाट्याला एक शिवीसुद्धा आली नाही, आणि हे सांगताना तिला खरंच वाईट वाटतं.

घरी तरी काय? तिचा नवरा धोंडिराममामा. पुरणपोळी केली तरी "बरंय", भात करपला तरी "बरंय". मी असते तर पहिल्याच वर्षी ताट उचलून घेतलं असतं.

ती रिटायर झाली त्या वर्षी घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या विहारात थायलंडचे एक भन्ते वर्षावासाला आले. पावसाचे तीन महिने भिक्खूंनी एकाच ठिकाणी राहायचं आणि वस्तीने पाळीपाळीने भोजनदान द्यायचं. तेही दुपारी बाराच्या आत. बारानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत त्यांना घास चालत नाही.

आता आमची वस्ती एकदा खाऊ घालायला लागली की समोरच्याचा जीव घेते. पुरी-श्रीखंड, बासुंदी, गुलाबजाम, खीर, रोजचाच सण. भन्ते पुरे म्हणून पात्रावर हात आडवा धरायचे. पण आपल्याकडे हाताला कोण विचारतं? एका ताईने हातावरच श्रीखंड वाढलं. भन्ते शांतपणे ते पात्रात घेऊन जेवले.

पाचव्या आठवड्यात त्यांना चक्कर आली. शुगर तीनशे चाळीस. डॉक्टरांनी गोड बंद केलं, तेल कमी, हातसडीचा तांदूळ आणि भरपूर प्रोटीन सांगितलं. विहार कमिटीची मीटिंग बसली. मामाच अध्यक्ष. पाऊण तास फक्त गोड कोणी दिलं यावर गेला आणि प्रत्येकीने शेजारणीचं नाव घेतलं. शेवटी आत्या म्हणाली, "मी करते. पथ्याचं जन्मभर केलंय." सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या. पथ्याचं करायची हौस असते कोणाला?

घरी आल्यावर मात्र तिने मला पकडलं. "शीतल, त्यांच्या देशात काय खातात ते मोबाइलवर काढ. दुधी मी आता कोणाला घालणार नाही."

मी टोफू काढला. म्हणजे सोयाबीनचं पनीर. पहिल्या दिवशी तिने ते रश्शात टाकलं आणि त्याचा चुरा झाला. मग कळलं की आधी पाणी दाबून काढायचं असतं. आत्याने फडक्यात गुंडाळून वर पाटा ठेवला, तर त्याची पोळी झाली. तिसऱ्या दिवशी नुसता वरवंटा ठेवला, वीस मिनिटं. तेव्हा जमलं. चौकोनी तुकडे कापून लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात चारही बाजूंनी लाल केले. गवती चहाचा खालचा पांढरा भाग, आलं, लसूण आणि कोथिंबिरीच्या काड्या खलबत्त्यात कुटल्या. त्यात सोया सॉस आणि लिंबू. गुळाचा खडा हातात घेतला, बघितला आणि परत डब्यात टाकला. गाजर, फरसबी, कोबी अर्धकच्चं परतलं. खाली भात, त्यावर हे सगळं, वर भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट.

शेवटी पानं हवी होती. तिकडे तुळशीसारखी पानं घालतात म्हणे. आमच्या दारात तुळस नाही, शेजारच्या वनमालाकाकूंच्या आहे. त्या मालवणच्या.

"तुळस कित्याक गो?" काकूंनी विचारलं.

"भातात घालते," आत्या म्हणाली.

काकूंनी आधी तुळशीला हात जोडले. "तुळस देवाक वाहूची असता, फोडणीक नाय," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "औषध म्हणान नेतंस तर ने." रविवारी मात्र तोडू द्यायच्या नाहीत, त्यामुळे शनिवारी दोन मुठी आणाव्या लागायच्या.

मामाने आठ दिवस चव घेतली. आठही दिवस बरंय.

भन्तेंना वाढलं त्या दिवशी पात्र लख्ख झालं. त्यांनी आशीर्वाद गाथा म्हटली आणि ते आत गेले. दुसऱ्या दिवशी तेच. आत्या मला म्हणाली, "आवडलं असेल का गं?" मी म्हटलं, पात्र रिकामं होतं ना? "ते श्रीखंडसुद्धा त्यांनी असंच संपवलं होतं," ती म्हणाली.

मामाने पुस्तक काढून नियम सांगितला. भिक्खूने अन्नाची तारीफ करायची नाही, नावं ठेवायची नाहीत, मागायचं नाही. फक्त कोणी आधीच 'मागा' म्हणून निमंत्रण दिलं असेल, तर मागता येतं. दुसऱ्याच दिवशी आत्या पदर सावरून त्यांच्यासमोर हात जोडून बसली. "भन्ते, माझ्या जेवणात काही कमी वाटलं तर मला मागा. माझं निमंत्रण आहे."

मी ते मोडक्या इंग्रजीत सांगितलं. भन्ते काही बोलले नाहीत. मामा म्हणाला, मौन म्हणजे स्वीकार.

मग महिनाभर मौनच. शुगर एकशे पन्नासवर आली, कमिटीने श्रेय गोळ्यांना दिलं. आत्या चिडचिड करायला लागली. एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "शीतल, मी परत तळघरातच आहे गं." मी म्हटलं, आत्या, एवढं काय मनाला लावून घ्यायचं यार. म्हटलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, साडेअकरा झाले होते. विहारात पंधरा-वीस माणसं बसली होती. भन्तेंनी दोन घास घेतले आणि चमचा खाली ठेवला. आत्याकडे बघितलं. एकेक शब्द जुळवत, पाठ केल्यासारखं म्हणाले, "ताई. मिरची. थोडी."

मामाचा चेहरा पडला, तो हात जोडून माफी मागायला लागला. आत्या उठली आणि चप्पल न घालता घरी निघाली. मी मागे. मिरची तिने एकदाही घातली नव्हती, हॉस्पिटलचा हात. आता चार हिरव्या मिरच्या खलबत्त्यात घेतल्या, मीठ, लिंबू. पावणेबारा होत आले होते. मी म्हटलं, दे, मी कुटते.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "माझ्याकडे मागितलीय त्यांनी."

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. अकरा पन्नासला तिने वाटी दोन्ही हातांनी दिली. भन्तेंनी सगळी मिरची भातात कालवली. कपाळावर घाम, नाकातून पाणी, पण थांबले नाहीत. संपल्यावर नेहमीसारखी गाथा म्हटली.

घरी मामा डोक्याला हात लावून बसला. "अख्ख्या विहारासमोर इज्जत गेली. भन्तेंना तोंड उघडून तुझ्या जेवणात उणं काढावं लागलं."

आत्या त्याच्यासमोर खाली बसली. डोळे भरलेले आणि हसत होती.

"परत म्हणा," ती म्हणाली.