विझवणाऱ्याच्या घरचा अग्नी

काशीत दूधविनायकाच्या गल्लीत नरहरशास्त्र्यांच्या घरी अग्निहोत्राचा अग्नी अखंड तेवत होता आणि त्यांचा थोरला मुलगा यज्ञेश्वर आग विझवण्याच्या सरकारी खात्यात नोकरीला होता. गल्लीला फुकटची करमणूक मिळाली. बाप पेटवतो, बेटा बुझवतो, असं पानवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळे म्हणत. यज्ञेश्वरही हसायचा. न हसून सांगतो कोणाला?

शास्त्रीबुवांना मात्र हसू येत नसे. लग्नानंतर त्यांनी अग्नी घेतला तो प्रभावतीबाईंना शेजारी बसवून, आणि तेव्हापासून दोघं सकाळ-संध्याकाळ त्यात आहुती देत आली होती. एरवी निखारे कुंडातल्या राखेखाली जपलेले असत. असा अग्नी राखणाऱ्याची चिताही त्याच अग्नीने पेटते. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर सगळी काशी चिता राखणाऱ्या डोमांकडून आग घेते. आपण आपली घेऊन जाणार, हा शास्त्रीबुवांचा एकमेव अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही.

यज्ञेश्वर वाईट मुलगा नव्हता, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण पुढे गल्लीने ते सोयीस्करपणे विसरायचं ठरवलं. साड्यांच्या गोदामातून त्याने माणसं खांद्यावर घालून बाहेर आणली होती. दिवाळीत सगळ्यांची ड्यूटी लागते, म्हणून लेकीबरोबर त्याने कधी फुलबाजी लावली नाही. कामावरून येताना आधी शिंदे घाटावर बुडी मारायची आणि मगच वडिलांच्या अग्नीला दुरून नमस्कार करायचा, हा त्याचा नेम. आगीवर पाणी सोडण्याआधी तो दर वेळी पुटपुटायचा, “क्षमा कर, देवा.” बरोबरच्या लोकांना वाटायचं, पंडितजी मंत्र मारतायत.

माघातल्या एका दुपारी शास्त्रीबुवा मंगला गौरीच्या देवळात कीर्तनाला गेले होते. धाकटा विश्वेश शाळेत शिकवत होता. प्रभावतीबाई आतल्या खोलीत पडल्या होत्या. कुंडातली एक ठिणगी उडून गोवऱ्यांच्या ढिगावर पडली, आणि आग विझवायला दमकलची गाडी आली ती नेमकी यज्ञेश्वरच्या चौकीतली.

गाडी गल्लीत शिरणं शक्यच नव्हतं. पाइपाला पाइप जोडत ते आत आले. यज्ञेश्वरने आधी आईला उचलून बाहेर आणलं, मग पुन्हा आत गेला. ढीग विझला, छताचं पेटलेलं तुळवंट विझलं. उरलं कुंड. त्यातल्या राखेखाली निखारे लाल होते, वर लाकडी छत तापलेलं होतं आणि दोन्ही बाजूंची घरं भिंतीला भिंत लावून उभी होती. विझवल्या जागी धग ठेवायची नाही, हा नोकरीचा पहिला धडा.

एवढ्यात शास्त्रीबुवा धापा टाकत दारात पोहोचले. शिपायाने त्यांना अडवलं.

“यज्ञा, कुंडात पाणी घालू नकोस,” ते म्हणाले.

यज्ञेश्वरने ऐकलं. “क्षमा कर, देवा,” म्हणाला आणि पाइपाचं तोंड कुंडाकडे वळवलं.

साहेबांनी पाठ थोपटली. गल्लीने हार घातला. संध्याकाळी तो हार गळ्यातून काढायचंही भान नसलेला यज्ञेश्वर बायकोसमोर, कालिंदीसमोर, बसून होता. म्हणाला, “एक मडकं हवं होतं गं. बस, एक मडकं.”

गंगेचं पाणी चढलं की शास्त्रीबुवा निखारे मडक्यात घेऊन वरच्या मजल्यावर जायचे. यज्ञेश्वर लहानपणी पुढे होऊन वाट मोकळी करायचा. घरात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि नेमक्या वेळी हाताला आठवला तो फक्त पाइप. आईला वाचवलंत ना, असं कालिंदी म्हणाली. खरं होतं ते, पण त्याच्या उपयोगाचं नव्हतं.

विझलेला अग्नी पुन्हा घेता येतो, पण शेजारी पत्नी बसावी लागते. प्रभावतीबाई वाचल्या त्या अंथरुणाला खिळूनच. धूर छातीतून गेला नाही. शास्त्रीबुवांनी मुलाला एकदाच जवळ बोलावलं.

“तुझं काही चुकलं नाही,” ते म्हणाले. “तू नोकरी केलीस.”

यापेक्षा त्यांनी काठी उचलली असती तर यज्ञेश्वरने आनंदाने खाल्ली असती. पुढे त्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. आपल्याला अग्नी विश्वेशने द्यावा, एवढं मात्र सांगून ठेवलं.

पाऊस संपता संपता ते गेले. विश्वेशने डोमाकडून आग आणली, इतर सगळे आणतात तशी. थोरला मुलगा बाजूला उभा होता. बघ्यांची कुजबुज त्याच्या कानांपर्यंत येत होती आणि वारा कुठून वाहतोय याकडे, सवयीने, त्याचं लक्ष होतं.

चिता खाली बसली. आता गंगेच्या पाण्याचं मडकं खांद्यावरून मागे टाकायचं आणि वळून न पाहता निघायचं. विश्वेश मडकं भरून आला. ते त्याने भावापुढे धरलं.

“दादा, पाणी तू टाक. तुला तर आदत आहे.”

विश्वेश चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. यज्ञेश्वरने मडकं घेतलं, चितेकडे पाठ केली, “क्षमा कर” म्हणाला. या वेळी पुढे देवा म्हणाला नाही. मडकं खांद्यावरून मागे पडून फुटलं.

सगळे पायऱ्या चढू लागले. यज्ञेश्वरने वळून पाहिलं. धग उरली का ते पाहायची त्याची इतक्या वर्षांची खोड. राखेत एक निखारा अजून लाल होता.

त्याने दुसरं मडकं मागितलं नाही.