उत्तरेच्या खिडकीवरची घोंगडी

परवा पुण्याहून येताना लेकीने हौसेने काळी घोंगडी आणली आणि हॉलच्या भिंतीवर टांगली. लोकरीचा तो उग्र वास नाकात शिरला आणि मला खोडदच्या आमच्या नव्या स्लॅबच्या घरातला पहिला हिवाळा आठवला.

मी तालुक्याला नोकरीला लागलो होतो. गुलाबी भिंती, जाळीचा पडदा, कोचाला विणलेली कव्हरं, असा हॉल सजवला होता. साहेब चहाला यायचे होते. तेवढ्यात वडिलांनी, आमच्या दादांनी, पडदा काढून उत्तरेच्या खिडकीवर घोंगडी ठोकली. आमच्याच मेंढरांच्या लोकरीची, चिंचोक्याच्या खळीने ताठ झालेली.

"दादा, काढा ती. हॉल हाय हा, मेंढरांचा वाडा न्हाई."

"वारं हितनंच येतंय. पोर रातभर खोकतीय."

"साहेब नाकाला रुमाल लावतील."

"लावू दे. ह्याच लोकरीवर शिकलास, तवा न्हाई वास आला."

मी रागाने घोंगडी ओढली. ती खिळ्यापाशी टरकन फाटली. दादांनी ती खांद्यावर टाकली आणि कांदे साठवायच्या बराकीत झोपायला गेले. पुढे त्या घरात ते कधीच झोपले नाहीत. म्हातारा माझी अब्रू घालवतोय, असंच मी तेव्हा धरून बसलो. मीही बोलवायला गेलो नाही.

खोकणारी पोर म्हणजे हीच लेक. मी तिला म्हणालो, "भिंतीवर नको, खिडकीवर लाव. वारं येतं."

"बाबा, हॉलची शोभा जाईल ना."

"ह्याच लोकरीवर शिकलास" हे दादांचं उत्तर ओठांवर आलं होतं. पण ते माझ्या तोंडी शोभलं नसतं.