कोरडी चादर

आबांनी अंथरूण धरलं ते माझ्या घरी. फुलंब्रीची जमीन त्यांनी माझ्या भावाच्या नावावर केली होती. तिथं प्लॉट पडले, भावाचा बंगला झाला, पण त्यात आजारी बापाला खोली नव्हती.

मी दुकानदाराशी घासाघीस करून सगळं सामान भरलं: रबरी चादर, बेडपॅन, कापूस, पावडर, चोचीचा पेला. फक्त पाणी साठवून पुरत नव्हतं. दुष्काळाचं साल, टँकर आठवड्यातून एकदा, आणि चादरी रोज धुवायच्या. एकदा टँकरवाल्याशी भांडून आत आले आणि आबांच्या उशापाशीच म्हणाले, "जमीन लेकाला आणि धुणं लेकीला."



पुढचे दोन दिवस चादर कोरडी निघाली. बेडपॅन आणल्याचं सार्थक झालं म्हणून मी खूश होते. तिसऱ्या दिवशी त्यांचे ओठ फुटलेले दिसले. सकाळी भरलेला पेला दुपारी तसाच होता.

"आबा, पाणी का नाय प्यालात?"

"टँकरला अजून चार दिवस हायेत, बाई. पुन्हा तुलाच धुवावं लागंल."

मी पेला त्यांच्या ओठांना लावला. "दोन घोट तरी घ्या."

"एक घेतो."

दुकानात रुपयासाठी अर्धा तास हुज्जत घालणारी मी, तेव्हा एका घोटावर कबूल झाले. एक तर एक, मी म्हणाले. मग तासातासाला एकेक घोट पाजत राहिले.

संध्याकाळी चादर ओली झाली. आबांनी भिंतीकडं तोंड केलं. मी चादर बदलली, पण त्यांच्याकडं बघायचं धाडस मलाही झालं नाही.