दादाच्या सोमवारच्या नूडल्स

मालवणहून मसुऱ्याला येणारी संध्याकाळची एस्टी सुरू करा, म्हणून आम्ही पत्रकं छापली, बाजारात वाटली, उन्हात धरणं धरून बसलो. गाडी सुरू झाली. आणि आमच्याच घरातली बाई त्या गाडीत बसू शकत नव्हती, कारण रात्रीचं जेवण कोण करणार हे ठरत नव्हतं. याचा संताप मला आजही येतो.

ती बाई म्हणजे माझी वयनी, दादाची बायको. तिला दर सोमवारी मालवणात हिशेबाच्या कॉम्प्युटर क्लासला जायचं होतं. तो पुरा झाला की तिला नोकरीला अर्ज करता येणार होता. क्लास सुटून ही एस्टी पकडली की घरी पोचायला आठ वाजून जातात. आमच्याकडे सकाळचा स्वयंपाक आई करते, रात्रीचा वयनी. आई म्हणाली, "जा गो. पण रातचा जेवाण येळार होऊक व्हया."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू करशीत मां?" दादा म्हणाला. "नायतरी नुसती कागद वाटीत फिरतंस."

मी नाही म्हटलं. एका बाईच्या गळ्यातलं काम काढून दुसरीच्या गळ्यात घालायचं आणि त्याला सुधारणा म्हणायचं, हे मला मंजूर नाही. बायको तुझी, तर सोमवारही तुझा.

"माका चाय सोडून कायएक येणा नाय."

"चायनीज येता तुका."

हे मी उगाच बोलले नव्हते. आमच्याकडचे पुरुष घरच्या स्वयंपाकघरात पाणी पिण्यापुरते येतात. तेच पुरुष तिठ्यावरच्या चायनीजच्या गाडीसमोर अर्धा अर्धा तास टक लावून उभे असतात. दादा तर दर शनिवारी. कोबी किती बारीक, सॉस कधी, व्हिनेगर कधी, त्याला सगळं पाठ होतं. शिवाय सोमवारी आमच्याकडे मासे नसतात, तेव्हा व्हेज नूडल्सवर देवाधर्माचीही हरकत नव्हती. नारळ खवायला नको, मसाल्याचं वाटप वाटायला नको. दादाला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

पहिल्या सोमवारी वयनी क्लासला गेली. दादाने दुकानातून नूडल्सचं साधं पाकीट, कोबी, गाजर, एक ढोबळी मिरची आणि सोया सॉसची लहान बाटली आणली. स्वस्तातला प्रकार आहे; गाडीवरच्या दोन प्लेटच्या पैशात अख्खं घर जेवतं. नूडल्स त्याने तेल टाकून उकळल्या, थंड पाण्यातून काढून ताटात पसरल्या. इथपर्यंत उत्तम. मग सगळी भाजी मिठासकट एकदम कढईत लोटली आणि गाडीवाल्यासारखी कढई उडवायला गेला. निम्मा कोबी ओट्यावर पडला, उरलेल्याला पाणी सुटलं. गाडीवरच्या शेगडीची आच घरच्या गॅसला नसते, हे गाडीसमोर उभं राहून कसं कळणार?

आई दारातून म्हणाली, "मेल्या, मीठ आदीच घातलंस तर पाणीच सुटतला. वायच वायच परत." बोलता बोलता तिचा हात झाऱ्याकडे गेला. मी मध्ये उभी राहिले. आई चिडली, पण थांबली. दादाने पाणी ओतून टाकलं, उरलेली भाजी थोडी थोडी परतली, नूडल्स घातल्या, सॉस घातला. जेवण वेळेवर झालं.

बाबांनी ताटाकडे पाहिलं. "ह्यां नाश्त्याक ठीक आसा. जेवाण खंय?"

"ह्यांच जेवाण," दादा म्हणाला.

"आणि भात?"

भाताचं कुणाच्या ध्यानातच नव्हतं. बाबा उपाशी उठले असते तर वयनीचा क्लास तिथेच संपला असता, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. बाबा उठले. सकाळचा भात टोपात शिल्लक होता, तो स्वतःच वाढून घेतला, त्यात नूडल्स भाजीसारख्या कालवल्या आणि वर लोणचं घेतलं.

"कोबी कच्चो रवलो," म्हणत त्यांनी आणखी नूडल्स मागितल्या. एरवी असल्या कालवाकालवीविरुद्ध मी पत्रक काढलं असतं. त्या रात्री मीच कढई त्यांच्याकडे सरकवली.

आठनंतर वयनी आली. तिचं ताट झाकून ठेवलं होतं. ती जेवायला बसते न बसते तोच आई म्हणाली, "ती कढई बघ गो, सॉस करपलो आसा." वयनी उठायला लागली.

"तू जेव," मी म्हटलं. "तो घासतलो."

दादाने माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं आणि काथ्या घेतला. बराच वेळ घासण्याचा आवाज येत राहिला. आईने सोया सॉसची बाटली दिव्यासमोर धरून पाहिली.

"ही दोन सोमार पुरतली," ती वयनीला म्हणाली. "मगे मालवणातसून येताना दुसरी घेवन ये."

वयनी हो म्हणाली आणि जेवत राहिली.