रेडिओवर आलेलं नाव

माळा आवरताना जुन्या रेडिओचं चामड्याचं कव्हर सापडलं. नाकाशी धरलं तर तोच वास. सेल उतरले की आम्ही ते उन्हात तापवून परत घालायचो, त्या सेलांचा.

लग्नाला वर्ष झालं होतं. सासरी, बदनापुरात, माझं काशी हे नाव बदलून सुनंदा ठेवलं होतं. आईला वाचता येत नव्हतं, पण माहेरी ओट्यावर रेडिओ रोज लागायचा. म्हणून मी फर्माईशीच्या कार्यक्रमाला कार्ड लिहिलं आणि खाली नाव टाकलं काशी. ते ऐकून आईला कळावं, की मी बरी आहे. दळणाला जाताना कार्ड पेटीत टाकलं.

एका दुपारी मी भाकरी थापत होते. गाण्याआधी रेडिओवरच्या बाई म्हणाल्या, "बदनापूरहून काशी." माझा हात परातीतच राहिला.

सासूबाई म्हणाल्या, "ही काशी कोण गं आपल्या गावात? बिलकुल कामधंदा न्हाई वाटतं तिला."

"मला न्हाई माहीत," मी म्हणाले. तव्यावरची भाकरी करपली.

पंचमीला माहेरी गेले तेव्हा आईला विचारलं, "फर्माईशीत नाव ऐकलं का?"

"ऐकलं की. म्हणलं, दुसरीच कोणी काशी असंल. तू तर आता सुनंदा."

तेव्हा मला रडू आलं होतं. आज वाट पाहिली, आलं नाही.

खालून मुलानं विचारलं, "आई, ते कव्हर भंगारात देऊ का?"

"दे," म्हणाले, आणि वरूनच खाली सोडलं.